दिन्याचा बिल्ला आणि चार शितं

मित्रहो, मंडळाच्या फळ्यावरची सुविचाराची जागा आज मी बळकावलीय. रागावू नका, सकाळी काय झालं ते वाचा.

आपल्या दिन्याला हिमोफिलिया आहे, म्हणजे रक्त वाहायला लागलं की लवकर थांबत नाही. तरी आज तो उल्हासनगरहून बदलापूरला सायकलवर निघाला, त्याच्यासारख्या पोरांच्या इंजेक्शनांसाठी वर्गणी मागत. त्याच्या आईने सायकलच्या दांडीला जुनी गोधडी गुंडाळून दिली होती. सोबत मी. वाटेत मी भजी खायला थांबलो, ते सोडा.

अंबरनाथला क्वार्टर्सपाशी बायका ओवाळायला उभ्या होत्या. कागदी बिल्ले मीच आणलेले. हौसेने एक काढला आणि दिन्याच्या छातीवर टाचणीने लावायला गेलो.

"अरे येड्या," दिन्या मागे सरकला, "बदलापूरला नेतोयस की दवाखान्यात?"

टाचणी त्याच्यापासून बोटभर लांब होती. मी ती परत खिशात टाकली.

ओवाळणाऱ्यांतल्या एक मावशी घरात गेल्या आणि भाताची चार शितं घेऊन आल्या. बिल्ल्यामागे चोळली, बिल्ला शर्टावर तळहाताने दाबून धरला. "निघाला तर परत ये बाळा, पातेलंभर भात आहे."

बदलापूर आलं तरी बिल्ला जागच्या जागी होता.

दहा वर्षांची दोस्ती आणि खिशात टाचण्या. तुमच्यातल्या कुणाला तरी सुचलं असतं का, खरं सांगा?

हा कागदही शितांनीच चिकटवलाय. दिन्या रोज या फळ्याला टेकून उभा राहतो.