साफ केलेली गाठ

सिद्धारामच्या डोळ्याला खोट लगेच दिसायची, आणि दिसली की त्याला चैन पडायचं नाही. पंचवीस वर्षं त्यानं सोलापुरी चादरींची डिझाइनं काढली. नक्षीत एक ठिपका भलत्या घरात पडला, तर तो पुसल्याशिवाय हा गडी जेवायला उठत नसे. कारखाना बंद पडला तेव्हा कॉम्प्युटरवर बसलेला हात तेवढा उरला, आणि त्या हातानं तो माणसांची हाडं छापू लागला.

हाडं खरी नव्हेत, प्लास्टिकची. कुणाचं हाड मोडलं की सीटी स्कॅनवरून सिद्धाराम तुकडे पडद्यावर जुळवायचा आणि थ्रीडी प्रिंटरवर तसंच हाड काढून द्यायचा. डॉक्टर ऑपरेशनच्या आधी स्टीलची पट्टी त्यावर वाकवून ठेवायचे. मग टेबलावर पट्टी आयती बसायची, रक्तही कमी जायचं. हाडांच्या सर्जन निवेदिता मॅडमची अट एकच असे : "जसं आहे तसं द्या. सजवू नका."

आणि मग नागव्वाला अक्कलकोट रस्त्यावर टमटमनं उडवलं. नागव्वा म्हणजे त्याची थोरली बहीण, दहा वर्षांनी मोठी. वळसंगला आई शेतावर जायची, तेव्हा ह्याला वाढवलं ते ह्या अक्कानं. धाकटा भाऊ म्हणून ती ह्याला कानडीत 'तम्मा' म्हणायची. पुढं विधवा झाली तेव्हा ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून विकल्या, पण कुणापुढं हात पसरला नाही. टमटमच्या धडकेत तिचं खुब्यापासून वरपर्यंत कमरेचं हाड फुटलं होतं. कण्हता कण्हता तिनं मॅडमना एवढंच विचारलं, "बाई, चुलीपुढं मांडी घालून बसाया येईल न्हवं? उभ्यानं भाकरी थापाया मला न्हाई जमायचं."

"बसाल की," मॅडम म्हणाल्या.

इतरांच्या हाडाला सिद्धाराम एक दिवस द्यायचा, अक्काच्या हाडाला त्यानं दोन दिले. प्रेम आंधळं असतं म्हणतात, ह्याचं नको तितकं डोळस निघालं. कमरेच्या वरच्या काठाला त्याला हरभऱ्याएवढा उंचवटा दिसला. स्कॅनच्या वेळी अक्का हलली असणार, त्यानंच ही खोट आली, असं म्हणून त्यानं तो साफ केला. इतका सफाईदार नमुना त्यानं आजवर कुणाला दिला नव्हता. मॅडमनीही वाहवा केली.

ऑपरेशनमध्ये पट्टी बसेना. ती पुन्हा वाकवावी लागली, दोन तास जास्त गेले, रक्त वाहत राहिलं. मॅडमना घाई करावी लागली आणि खुबा जरासा सरकलेलाच जुळला. बाहेर येऊन त्या थकल्या आवाजात म्हणाल्या, "हाडावर जुनी जुळलेली गाठ होती. तुमच्या नमुन्यात नव्हती. कशी?"

"मीच साफ केली," सिद्धाराम म्हणाला. अक्काला मात्र तो काहीच बोलला नाही. कोणत्या तोंडानं बोलणार?

चार महिने झाले. नागव्वा काठी घेऊन चालते, पण मांडी घालता येत नाही. भाकरी थापायची काठवट भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. भावाच्या घरी ती खुर्चीवर बसून राहते, ह्याच्या बायकोच्या हातची भाकरी मुकाट्यानं खाते. एक दिवस तिनं फळीवरचा तो नमुना उचलला.

"हे माजं हाड व्हय, तम्मा?"

"व्हय अक्का."

तिचा अंगठा वरच्या काठावरून फिरला, थांबला, परत फिरला.

"न्हाई रं. हे माजं न्हवं. माज्या हाडाला हितं गाठ हाय. रोज अंघोळीला हाताला लागती की."

"कसली गाठ?" सिद्धारामनं विचारलं.

"तू दोन वरसांचा हुतास. तुला कडंवर घिऊन विहिरीच्या पायऱ्या उतरताना पाय घसरला. तू दगडावर आपटशील म्हनून मी तुला वर धरलं आन् कमरंवर पडले. महिनाभर लंगडत हुते. आई मारंल म्हनून कुनाला सांगितलं न्हाई." ती हसली. "तुला कुटं खरचटलंसुदिक न्हाई."

तिनं हाड त्याच्या हातात दिलं. "दुसऱ्या कुनाचं आसंल बग, बदललं आसंल."

सिद्धारामला सांगायचं होतं. त्यानं तोंड उघडलं, आणि त्याच्या तोंडून आलं, "व्हय अक्का, बदललं आसंल."