एक हजार मीटर तार

“जहाज भाड्यानं घ्यायला समुद्र लागत नाही, तीन पाकिटं लागतात,” असं बाई एकदा म्हणाल्या होत्या.

नव्या कारकुनाला तो विनोद वाटला. तो हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांचा हात तेव्हा दोन पाकिटांवर होता आणि तिसरं आलेलं नव्हतं.

आमच्या खात्याकडे स्वतःचं एकही जहाज नाही. ज्या संशोधकाला समुद्रावर जायचं असेल त्याने आमच्याकडे अर्ज करायचा. आम्ही जाहिरात देतो, जहाजमालक बंद पाकिटांतून दर पाठवतात, आणि तीन पाकिटं जमल्याशिवाय एकही फोडायचं नाही, असा नियम आहे. जमली नाहीत तर पुन्हा जाहिरात, पुन्हा पंचेचाळीस दिवस. बाईंनी हे काम चौतीस वर्षं केलं. चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या सांडपाण्याच्या नळांवर उघडते. भिंतीवर समुद्राचा नकाशा आहे. उन्हाने त्यातला निळा रंग आधी उडाला, त्यामुळे जमीन पिवळी राहिली आणि समुद्र पांढरा झाला. कुणीतरी पाणी खोडून टाकल्यासारखा.

पाठीमागे सगळे त्यांना ‘नांगर’ म्हणत. एकदा रुतल्या की हलत नाहीत म्हणून. शिपाईमामांनी एकदा ते तोंडावरच सांगितलं.

“म्हणू देत,” बाई म्हणाल्या. “गळका पंप म्हणण्यापेक्षा बरं.”

“ते साहेबांना म्हणतात,” शिपाईमामा म्हणाले.

जहाज कागदावर पास झालं तरी बाई स्वतः धक्क्यावर जात. नियमात तसं काही नव्हतं. जहाज अटींप्रमाणे आहे या दाखल्यावर सही त्यांची असे, एवढंच. सपाट चपला, खांद्याला पिशवी, पिशवीत टेप आणि बॅटरी. जहाजावर चढल्यावर त्या डेकवर एक बादली पाणी ओतायला लावत आणि ते कुठे जाऊन थांबतं ते बघत उभ्या राहत. जिथे पाणी साचतं तिथे माणूस घसरतो, असं त्यांचं म्हणणं. मग विंच, म्हणजे जाळ्याची तार सोडायचं-गुंडाळायचं यंत्र, सुरू करायला लावत. कप्तान वैतागत. एक जण म्हणाला होता, “बाई, तुम्ही जहाज भाड्यानं घेताय की मुलगी बघायला आलाय?” बाई म्हणाल्या, “मुलगी बघायला एवढा वेळ लागत नाही.”

या खोलीतल्या फायलींत एक फाईल त्यांची लाडकी होती, असं मला वाटतं. त्या तसं कधी कबूल करणार नाहीत. ती होती डॉक्टरांची. ऑफिसात त्यांना ‘अंडेवाले डॉक्टर’ म्हणत. किडकिडीत, घाईत, सदऱ्याच्या खिशाला कायम शाई लागलेली. एक मासा वर्षातून सहाच आठवडे अंडी घालतो, तीही आठशे मीटरच्या खाली. डॉक्टर तिथवर बारीक जाळं सोडत, वर ओढत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक अंडं मोजत. त्या आकड्यावरून समुद्रात मासा किती उरलाय ते ठरे, आणि त्यावरून किती होड्यांना परवाना द्यायचा ते. अठरा वर्षांचे अठरा आकडे एका कागदावर एकाखाली एक लिहिलेले होते. एवढीच त्या माणसाची कमाई.

एवढ्या खोल जाळं सोडायचं तर विंचवर एक हजार मीटर तार लागते. आमच्या किनाऱ्यावर तशी तार असलेली जहाजं दोनच. आणि नियमाला पाकिटं लागतात तीन.

आधी निभून जायचं. किनाऱ्यावर आणखी एक मालक आहे, त्याला सगळे ‘तिसरा’ म्हणतात. तेलाच्या मनोऱ्यांना पिण्याचं पाणी पोचवणारं त्याचं जहाज. ते सदा कामात असे, पण खात्याशी ओळख राहावी म्हणून तो प्रत्येक जाहिरातीला पाकीट टाकी, अवाच्या सवा दर लिहून. काम त्याला नकोच असायचं. पाकिटं तीन व्हायची आणि दोघांपैकी एकाला काम मिळायचं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

या वर्षी वरून नवं पत्रक आलं: अटींत न बसणाऱ्याचं पाकीट मोजायचं नाही. तिसऱ्याची तार पाचशे मीटर. पहिली जाहिरात दोन पाकिटांवर बुडाली. दुसरीही. तीन महिने गेले. डॉक्टर रोज दुपारी येऊन बाईंसमोर बसत. बसण्याचंच बोलणं असे.

तिसऱ्या जाहिरातीच्या वेळी बाईंनी अटींच्या तक्त्यातली एक ओळ काढली. तारेची. तक्ता पुन्हा टाईप केला आणि पुढे पाठवला. कुणी वाचला नाही. तो तक्ता अठरा वर्षं तसाच जात आला होता. बाईंचा हिशेब साधा होता: तिसरा नेहमीसारखा आकाशाला भिडणारा दर लिहील, संख्या भरेल, आणि काम ज्याला जायचं त्याला जाईल.

पाकिटं फोडली तेव्हा तिसऱ्याचा दर सगळ्यांत कमी होता. मनोऱ्यांचं काम त्या महिन्यात सुटलं होतं. त्याचं जहाज धक्क्याला रिकामं उभं होतं.

बाई तरीही बघायला गेल्या. जहाज स्वच्छ होतं. पाणी कुठे साचलं नाही. विंच गुळगुळीत चालला आणि तार पाचशेवर संपली.

“एवढीच,” कप्तान म्हणाला. “बाई, जाळं काय पाताळात सोडायचंय?”

“हो,” बाई म्हणाल्या.

कप्तान बिचारा ओशाळला. “मालक म्हणाले, अटींत तारेचं काही नाही. मी दोनदा विचारलं त्यांना.”

त्या संध्याकाळी घरी बाईंनी यजमानांना सांगितलं. यजमान निवृत्त चित्रकलाशिक्षक. दोन खोल्यांच्या त्या घरात स्टुलावर बसून ते पेन्सिलींना टोक काढत बसतात, चित्र क्वचितच काढतात. हे बोलणं यजमानांनीच पुढे मला सांगितलं.

“ती ओळ तूच काढलीस?”

“मीच.”

“कुणाला माहीत आहे?”

“तुम्हाला.”

“मग मी विसरलो.”

“मी नाही ना विसरले, अहो.”

“अगं, चौतीस वर्षं तू दुसऱ्यांच्या चुका पकडत आलीस,” यजमान म्हणाले. “एक स्वतःची पोटात ठेवायला काय हरकत आहे? जागा होईल.”

बाईंनी ताट पुढे सरकवलं आणि उठून गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. गॅलरीतून समोरच्या गॅलऱ्या दिसतात. दुसरं काही नाही.

बुधवारी साहेबांनी बोलावलं. साहेब बाईंपेक्षा बारा वर्षांनी लहान, माणूस वाईट नाही. खोलीत ते, डॉक्टर, बाई, आणि टिपण घ्यायला मी.

“सगळ्यांत कमी दर याचा,” साहेब म्हणाले. “अटींत बसतो. दाखल्यावर सही करा, सोमवारी जहाज निघेल. अडलंय कुठे?”

“तार पाचशे मीटर आहे.”

“अटींत तार कुठे आहे?”



“साहेब, अंडी आठशेच्या खाली असतात,” डॉक्टर म्हणाले.

“मग या वर्षी पाचशेपर्यंतची मोजा.”

“तिथे नसतात.”

“नसतात तर शून्य लिहा. सर्वेक्षण झालं, शून्य आलं. संपलं.”

डॉक्टर पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. “शून्य म्हणजे मासा संपला! पुढच्या वर्षी सगळ्या होड्या किनाऱ्याला बांधून ठेवाल तुम्ही. ओळ रिकामी राहिली तर निदान कळेल की आम्ही गेलोच नाही. हे शून्य खोटं आहे, हे दहा वर्षांनी कुणाला कळणार?”

“मग जाहिरात रद्द करू. नव्यानं काढू.”

“पंचेचाळीस दिवस? अंड्यांच्या हंगामाचे एकोणीसच उरलेत.”

“कलम सतरा,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा काढला. कलम सतरा असं: कार्यालयाच्या स्वतःच्या चुकीमुळे निविदा बिघडली, तर ती रद्द करून, मूळ गरज भागवणाऱ्यांत ज्याचा दर कमी, त्याला थेट काम देता येतं. जाहिरात नाही, थांबणं नाही.

“बाई, कलम सतराला चूक लागते. चुकीला माणूस लागतो. नाव, हुद्दा, सही. मी पाहिलंय, हे कलम आजवर कुणी वापरलेलं नाही.”

“म्हणजे आजवर इथे चूकच झाली नाही?” डॉक्टरांनी विचारलं.

मी टिपणात तो प्रश्न लिहिला आणि मग खोडला.

साहेबांनी आवाज खाली आणला. “तुमचे चौदा महिने राहिलेत. चौकशी लागली की निवृत्तीचे कागद अडकतात, तुम्हाला मी काय सांगायचं? तुमच्या भल्याचं बोलतोय. दाखला एवढंच म्हणतो की जहाज अटींप्रमाणे आहे. ते आहेच. त्यात खोटं काय आहे?”

दाखला टेबलावर होता. टाईप केलेला, खाली सहीपुरती जागा सोडलेली. खरंच, त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

बाईंनी तो बाजूला केला. माझ्या वहीतला एक कोरा कागद फाडून घेतला आणि लिहू लागल्या. पेन कागदात रुतत होतं, रागाने असावं. कुणावरच्या, ते त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं. साहेबांवरच्या, पत्रकावरच्या, तीन या आकड्यावरच्या, की ती ओळ काढण्याच्या स्वतःच्या हुशारीवरच्या. तारेची अट मी काढली, कुणाला न विचारता काढली, एवढंच त्यांनी लिहिलं. खाली नाव, हुद्दा, तारीख. सही केली आणि कागद साहेबांच्या समोर ठेवला.

“बाई...” डॉक्टर म्हणाले.

साहेबांनी कागदाला हात लावला नाही. “हे मी अजून वाचलेलं नाही,” ते म्हणाले. “ऐकताय ना? वाचलेलं नाही. अजून परत घेता येईल.”

बाईंनी पेनला टोपण लावलं. पिशवी खांद्याला अडकवली, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली, आणि बाहेर पडल्या.