रेडिओभावजींचं उघडं बेडं

आमच्या भावजींना कुणाला कुठलीच वस्तू एकटी देता येत नसे. आगपेटीतली काडी मागितली की पेटी जाई. शेजारची सुमन कढीपत्त्याची डहाळी मागायला आली की हे कोयती घेऊन झाडावर, आणि खाली मी बोंबलतेय, "अहो, तिला आमटी करायचीय, मांडव नाही घालायचा!" पावस गावची वाट कुणी विचारली तर सांगत नसत, त्याच्याबरोबर एसटीत चढत. मी चिडले की म्हणत, "वहिनी, निवडून दिलं की ती वाटणी झाली. ते देणं नव्हे." मी आयुष्यभर निवडूनच दिलं. नासका आंबा आधी शेजारी, बरा घरात.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. जहाजावर रेडिओ ऑफिसर होते, म्हणून रत्नागिरीत आमच्या वाडीत त्यांना सगळे रेडिओभावजी म्हणत. लग्न केलं नाही. पुढे जहाजांवर उपग्रहाची यंत्रं आली आणि रेडिओवाल्यांना घरी पाठवलं. माझे यजमान आधीच गेले होते, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. एक ट्रंक घेऊन आलेला माणूस, थोड्याच महिन्यांत त्याच्या मागून एक कॉम्प्युटर आला. मी त्याला हळदकुंकू लावलं आणि त्यावर बातम्या कधी लागतात ते विचारलं.

त्या कॉम्प्युटरवर ते काय करतात ते मी खूप दिवस विचारलं नाही. माझी चौथीपर्यंतची शाळा, विचारलं तर समजावतील अशी भीती होती. शेवटी त्यांनी समजावलंच. बागेच्या तोंडाशी बांबूचं फाटक असतं, त्याला आमच्याकडे बेडं म्हणतात. "आपल्या बागेचं बेडं उघडं टाकायचं," ते म्हणाले. "आत गाणी आहेत. ज्याला हवं त्याने यावं, न्यावं. जगभर लोकांनी आपापली बेडी अशीच उघडी टाकलीत. आपण त्यांच्याकडून आणायचं."

"म्हणजे चोरी."

"चोरीत मालकाकडचं कमी होतं. इथे मालकाकडे तेवढंच राहतं."

"मग कुणीतरी फसवतंय तुम्हाला," मी म्हटलं.

बाकीचे लोक म्हणे एकदोन गाणी बाहेर ठेवत. भावजी अख्खे फोल्डर ठेवत. फोल्डर म्हणजे डबा, एवढं मला कळलं. डब्यात लाडू आहेत की झुरळ, हे न बघता तो ओसरीवर ठेवायचा, हेही कळलं. हे सगळं फोनच्या तारेवरून चाले, म्हणून आमचा फोन सदा त्यातच गुंतलेला. पावसची माझी बहीण फोन लावून लावून कंटाळली आणि स्वतःच येऊन दारात उभी राहिली. "मेलात की काय गो सगळे?" भावजींनी तिला चहा पाजला आणि परत जाताना नारळाचं पोतं दिलं. तिने एकही नारळ मागितला नव्हता.

मग त्यांच्या मनात आलं की आमच्या वाडीतल्या बायकांची गौरीची गाणी भरून घ्यावीत. कुवेत-बहरीनला आमची किती पोरं आहेत, त्यांना ऐकायला होतील. भावजींनी पडवीत आवाज भरायचं यंत्र मांडलं आणि आम्ही बसून गायलो. गाणी संपली तसे भावजी बायकांना पोचवायला गेले, प्रत्येकीला तिच्या दारापर्यंत. परत आले तेव्हा मी वाल निवडत होते आणि तोंड मोकळं होतं. मी एकेकीची हजेरी घेतली. सुमनपाशी आले तेव्हा म्हटलं, "तिचा आवाज म्हणजे तेल न घातलेला रहाट. आणि ताल? तिच्या तालावर नाचणारा एकच होता, तिचा मुलगा सुधीर. तोही कुवेतला पळाला."

यंत्र चालूच होतं. भावजींनी पुन्हा न ऐकता सगळं फोल्डरमध्ये टाकलं, फोल्डर ओसरीवर ठेवला आणि पोरांना कळवलं.

काही दिवसांनी कुवेतहून फोन आला. नेमकी लाईन मोकळी होती. सुधीरच. "काकू, गाणी झकास झालीत. नंतरचं भाषण तर आमच्या सगळ्या खोलीने ऐकलं."

"कसलं भाषण?"

"रहाटाचं."

"सुधीर, मेल्या, आईला सांगितलंस तर..." म्हणेपर्यंत फोन तुटला.

सुमनचं आणि माझं सांगायचं तर आमची विहीर एक. तिच्या काठावर आम्ही दोघी नव्या नवऱ्या होतो तेव्हापासून भांडतोय. मला भांडायला हक्काचं माणूस तेवढंच. ते बोलेनासं झालं तर मी काय, भावजींशी भांडू? त्यांच्याशी भांडलं की तेच माझी बाजू घेत.

"काढा ते," मी सांगितलं.

"माझ्याकडचं काढतो. पण ज्यांनी नेलं त्यांच्याकडून आता दुसरे नेतायत."

"कोण दुसरे?"

"दापोलीचा असेल, दुबईचा असेल. ते कसं कळणार?"

"मग काढू नका. त्यावर पाटी लावा." आणि मी पाटी सांगितली, शब्दाला शब्द: शेवटची फाईल ऐकू नये, घरगुती आहे. भावजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पण लिहिलं. वडीलकीला मान देत ते. कोण काय नेतंय ते त्यांना पडद्यावर दिसायचं. आठवड्याने म्हणाले, "वहिनी, गाणी आता कुणी नेत नाही. सगळे पाटीवालं नेतात."

मग मी माझ्या अकलेने दुसरा उपाय काढला. सुमनची स्तुती. आरती झाली की, "काय आवाज लागला गो आज!" पाणी ओढताना ती गुणगुणली की हातातला दोर सोडून ऐकत उभी राहायची. कोकम काढली तर पहिली बरणी तिला, आणि बरी बरणी. सुमन बघायची आणि विचारायची, "तुझी तब्येत बरी आहे ना, इंदू?"

गणपतीला सुधीर येणार असं कळलं तेव्हा माझा धीर सुटला. तो येण्याआधी आपणच सांगावं म्हणून गेले. सुमन अळू चिरत होती.

"सुमन, तुझ्या आवाजाबद्दल मी काहीतरी बोललेय."

"रहाटाचं? ते माहीत आहे. सुधीरने तेव्हाच फोनवर ऐकवलंन."

"मग बोलली का नाहीस?"

"जन्मात कुणी माझ्या गाण्याची एवढी स्तुती केली नव्हती. म्हटलं, चाललंय तोवर चालू दे."

मी हसायला लागले, पण ती हसत नव्हती. "रहाटाचं सोड गो. सुधीर पळाला म्हणालीस, ते लागलं. तो पोटासाठी गेलाय."

मला माफी मागता येत नाही. चौथीपर्यंत तो धडा नव्हता. मी तिच्या हातातलं अळू घेतलं आणि चिरायला लागले. हाताला खाज सुटली तरी चिरत राहिले.

अळू चिरून झालं तेव्हा ती म्हणाली, "भावजींना सांग, माझंही भरून घ्या. डबा पुरा होऊ दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुमन भावजींच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलंन. मी विहिरीवर थांबायचं, ही अट. मी दोन्ही घरांचं पाणी भरून मोकळी झाले तरी ती बाहेर येईना. आली तेव्हा तोंडावर असं तेज, जसं काही नवस फेडून आलीय. चहा मागून घेतला, वर साखर कमी आहे म्हणाली. तेव्हा मला कळलं की आमचं जुळलं.

"काय बोलली?" मी भावजींना विचारलं.

"मी कान झाकून बसलो होतो."

"जगाला वाटता आणि मला नाही?"

"सुमनवहिनींची अट आहे," म्हणाले, आणि फोल्डर ओसरीवर ठेवला.

पुढे काही वर्षांनी भावजी गेले. दुपारचे जेवून आरामखुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. दिवसकार्यासाठी एक धोतर शोधायला ट्रंक उघडली तर त्यात काहीच नव्हतं, सगळं देऊन झालेलं. कॉम्प्युटर खाऱ्या हवेने आतून गंजला होता. दुरुस्तीवाला म्हणाला, "आजी, हे भंगार." मी दिलं.

त्या गणपतीत सुधीर आला. त्याच्याकडे तो फोल्डर होता, पुरा. सुमन समोर नारळ खोवत बसली होती. "काकू, आईचं लावू?"

"लाव," सुमनच म्हणाली. "मी काही मागे घेत नाही."

सुमनने काही शिल्लक ठेवलं नव्हतं. माझी जीभ म्हणजे काथ्याचा दोर, खरखरीत आणि तुटता तुटत नाही. माझी आमटी म्हणजे विहिरीची थोरली बहीण. मी नासके आंबे वाटते हे तिला माहीत होतं, आणि आता बहरीनलाही माहीत होतं. मी तोंड वाकडं करून ऐकत होते, आणि आमटीपाशी त्या फाईलमध्येच कुणीतरी फिसकन हसलं. कान झाकून बसलेला माणूस. मग खोकला, मग "चालू द्या, वहिनी, चालू द्या."

सुमनचा हात विळीवर थांबला.

"सुधीर, ते पुन्हा," मी म्हटलं.

अजूनही तो सुट्टीला आला की मी लावायला सांगते. नुसतं ते हसणंच लावता येत नाही म्हणतो, पहिल्यापासूनच सुरू करावं लागतं. मला वाटतं हे त्याला सुमनने शिकवलंन. म्हणून दर वेळी आधी माझी जीभ, मग माझे आंबे, मग माझी आमटी, सगळं सुमनच्या त्या आवाजात. ऐकून घेते.