स्कीचा दोर आणि साहेबांची गाडी

आमच्या भागात दोराला कुणी नुसतं दोर म्हणत नाही. गाईला दावं, बैलाला कासरा, विहिरीवर नाडा, गाडीत ऊस आवळायला सोल. कासरा विहिरीवर लावला तर गाव चार दिवस हसेल. एवढी जाण असलेल्या या लोकांनी एका दोराचं काय केलं ते सांगतो. त्या लोकांत मी पहिला.

कुपवाडला माझा लेथ आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका धरणाच्या पाण्यावर काही हौशी मंडळींनी जलक्रीडा मंडळ काढलं आणि एक जुनी मोटरबोट घेतली. मंडळाला अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष आणि एक मार्गदर्शक होते. इंजिन उघडता येणारा मात्र कुणी नव्हता. म्हणून मला बोलावलं. मी शाफ्ट करून दिला, बोट चालवून दाखवली, आणि मग दर रविवारी चालवतच राहिलो. सोबत मुलगी यायची. तेव्हा ती शाळेत होती. काठावर बसून कंटाळली म्हणून पाण्यात उतरली आणि दोन-तीन वर्षांत बोटीमागं एका स्कीवर, म्हणजे पायाला बांधलेल्या लांब फळीवर, अशी उभी राहायला लागली की मंडळानं तिचा फोटो वर्गणीच्या पुस्तकावर छापला.

या खेळाला स्लालम म्हणतात. बोट सरळ रेघेत जाते. रेघेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन नारिंगी गोळे तरंगत असतात. मागं दोराची मूठ धरलेल्या खेळाडूनं या बाजूचा एक, त्या बाजूचा एक असं करत सहाही गोळ्यांना बाहेरून वळसा घालायचा. जमलं की दोर आखडायचा आणि पुन्हा तेच. आखडता आखडता दोर गोळ्यापर्यंत पोचेनासा होतो. उरलेलं अंतर हात आणि अंग लांबवून भरून काढायचं.

काठावरच्या माणसाला वाटतं, बोट पोरीला ओढून नेते. खरं तर दोघांची ओढाताण चाललेली असते. ती आडवी झुकून पाणी कापायला लागली की बोट मागं खेचली जाते आणि वेग पडतो. पूर्वी मी इंजिनाचा आवाज ऐकून हातानं रेस द्यायचो. मग वेग धरणारी डबी बसवली. बोट जरा मंदावली की ती आपणहून रेस वाढवते आणि प्रत्येक फेरीला लागलेला वेळ नोंदवून ठेवते. डबी आल्यावर मला बोट सरळ ठेवण्यापलीकडं काम उरलं नाही, आणि मुलीचा खेळ एकदम सुधारला. यावरून माझ्या कानाबद्दल काय सिद्ध होतं, ते ती कधी बोलली नाही.

पण डबीची रेस मुलीपर्यंत पोचते ती दोरातूनच. कुपवाडच्या रस्त्यावर बंद पडलेली मोटारसायकल दुसरीला बांधून आणतात, तेव्हा बघावं. नायलॉनची दोरी आधी ताणते, मग एकदम आवरते, आणि मागचा गडी हँडलवर आपटतो. स्कीचा दोर म्हणूनच फार न ताणणारा घेतात. नवा दोर झाडाला बांधून ओढून घेतात, त्याचा ताण काढतात आणि मग मापतात. आमच्या दोराचं हे सगळं मी स्वतः केलं होतं. आखडण्यासाठी त्याला जे फास असतात, ते एकेक मोजले होते.

राज्याच्या संघाची निवड चाचणी आमच्या पाण्यावर ठरली. मुलीचं त्या वयोगटातलं ते शेवटचं वर्ष. दोर दोनदा आखडल्यावर, म्हणजे तिसऱ्या फेरीत, सहाही गोळे झाले की ती संघात, एवढा साधा हिशोब होता. सरावात ती फेरी तिनं कितीतरी वेळा पुरी केली होती.

सकाळी बाहेरगावच्या पंचबाईंनी दोर मापला. बरोबर भरला. मग पाहुणे आले. खेळाची चाचणी असली तरी उद्घाटन पाहिजेच, आणि उद्घाटन म्हटलं की प्रमुख पाहुणे काठावर येणार ते गाडीतूनच. धरणाचं पाणी ओसरलं होतं. काठावर सुकलेल्या पापुद्र्याखाली ओला गाळ होता. मांडवापासून पन्नास पावलं चालावं लागू नये म्हणून साहेबांची गाडी खाली आणली आणि ती अर्ध्या चाकांपर्यंत रुतली.

कार्याध्यक्ष धावत माझ्याकडं आले. "आवं मामा, दोर हाय का बोटीत?"

"हाय, पण स्कीचा हाय."

"मग काय सोन्याचा हाय व्हय? विट्याच्या सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्याला दाखवू मागनं. आत्ता द्या."

"साखळी न्हाई का कुठं?"

"आणाय गेल्यात. पण साहेबांला पुढं सांगलीत दुसरं उद्घाटन हाय. पाच मिनटाचं काम, त्यात काय झिजतंय?"

आयुष्यभर मी हारतुऱ्यांना हसत आलो. कुणाच्या गळ्यात शाल पडली की माझ्या तोंडात वाकडा शब्द तयार असायचा. त्या दिवशी साहेब गाडीच्या खिडकीतून माझ्याकडं बघत होते, आणि बोटीच्या खांबाला बांधलेल्या दोराची गाठ मी माझ्या हातानं सोडली.

त्यांच्या माणसांनी दोर जवळच्या एका ट्रॅक्टरला बांधला आणि त्यानं एका हिसक्यात गाडी बाहेर काढली. टाळ्या झाल्या. कुणीतरी दोर पाण्यात खंगाळून, नीट वेटोळं करून मला परत दिला. चाचणीला आलेल्या पुण्याच्या मुलांकडं दुसरा मापलेला दोर होता. मागता आला असता. पण का मागतो ते पंचबाईंना सांगावं लागलं असतं, आणि साहेब आता पहिल्या खुर्चीत बसले होते.

माझी मुलगी यजमान मंडळाची, ती साहेब असेपर्यंत दिसली पाहिजे म्हणून कार्याध्यक्षांनी तिला पहिली उतरवली. कपडे बदलायच्या तंबूतून ती थेट धक्क्यावर आली. गाडीचं तिनं काही पाहिलं नव्हतं.

"आबा, दोर बघितलासा?"

"सकाळीच मापलाय बाईंनी," मी म्हणालो. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

पहिल्या दोन फेऱ्या तिनं ओढून नेल्या, पण मूठ धरायची पद्धत बदललेली मला आरशात दिसली. तिसरीत तीन गोळे झाले. चौथ्याकडं जाताना ती झुकली, दोर ताणला, डबीनं रेस दिली, आणि गोळ्याशी दोर ढिला पडला. पाण्यावर त्याचा चक्क झोळ दिसला. पुढच्या क्षणी तो आवरला आणि मूठ तिच्या हातातून उडाली.

वर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "दोर रबरागत झालाय."

कार्याध्यक्ष म्हणाले, "बोट हळू झाली आसंल. मामांचं वय झालं आता."

पंचबाईंनी डबीतली नोंद बघितली. वेळ अचूक होता. मग त्यांनी दोर मापला. वीतभर वाढला होता. "सकाळी बरोबर होता," त्या म्हणाल्या. "मध्ये याला काय झालं?"

 मी सांगितलं.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आयोजकांनी लेखी द्यावं की तपासणीनंतर दोर त्यांच्याकडून खराब झाला. मी तिला फेरी पुन्हा देते. वडिलांचं पत्र चालणार नाही."

कार्याध्यक्षांनी मला मांडवामागं नेलं. "साहेबांची गाडी गाळात रुतली आसं मी सहीनिशी लिहून देऊ व्हय? उद्या पेपरात येईल. पोरीला पुढच्या साली बघू की."

"पुढच्या साली तिचं वय बसत न्हाई."

"मग वरच्या गटात खेळंल. लय गुणी हाय पोर." एवढं बोलून ते साहेबांना निरोप द्यायला गेले. सही झाली नाही. बाकीची चाचणी पुण्याच्या दोरावर झाली.

मुलगी ओल्या अंगानं माझ्यासमोर उभी राहिली. "ट्रॅक्टरला कुणी बांधला?"

"त्यांच्या माणसांनी."

"बोटीवरनं कुणी सोडला?"

"मी."

"त्यांनी वडून नेला का तुमी दिला?"

"दिला."

"आन् मी इचारलं तवा?"

मी दोराचं वेटोळं पुन्हा गुंडाळायला लागलो. ती स्की उचलून कपडे बदलायला गेली.

परतताना ती मोटारसायकलवर मागं बसली, स्की आडवी धरून. कराड ओलांडलं, मलकापूर आलं, तेव्हा ती म्हणाली, "थांबा." सांगलीची एसटी समोर येऊन उभी राहिली होती. ती उतरली आणि स्की तिनं माझ्या गाडीला बांधली. गाठ चांगली आवळली. तशी तिला सगळी कामं मीच शिकवली आहेत.

मग ती एसटीत चढली. आत गर्दी नव्हती. स्की सहज मावली असती.