घरात न दिलेली सवलत

श्रीमहाकालेश्वराच्या चरणी मस्तक ठेवून लिहायला बसलो आहे. मस्तक मनानेच ठेवले. गुडघे आता वाकत नाहीत. काल माझ्या सहधर्मचारिणीचे वर्षश्राद्ध झाले, त्या निमित्ताने हे लेखन.

मूलबाळ नसल्याने श्राद्धाचा अधिकार माझ्याकडेच. ते पाटावर बसून यथासांग करता यावे, एवढ्यासाठी चार महिने मी फ्रीगंज भागातल्या एका व्यायामवर्गाला जात होतो. गुडघे झिजलेली आम्ही दहाबारा वृद्ध माणसे तिथे खुर्च्यांवर बसून सावकाश एकेक पाय उचलतो, पाच श्वासांपर्यंत तोलून धरतो, खाली ठेवतो.

"पंडितजी, जमिनीवर बसायची जिद सोडा," शिकवणाऱ्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "कुर्सीनं काय बिघडवलंय तुमचं?"

शेजारचे निवृत्त रेल्वेबाबू हसले. "अहो, यांना उठायला इतका टाइम लागतो, की यमराजसुद्धा कंटाळून परत जातील!"

मीही हसलो. पाय उचलला आणि गुडघा कटकन वाजला. आवाज ओळखीचा होता. देवघराच्या चौकटीला धरून माझी पत्नी उठे तेव्हा हाच आवाज येई, आणि पाठोपाठ रोखून सोडलेला श्वास. तो श्वासही मला ऐकू आला, अगदी पाठीशी. वळून पाहिले, मागे भिंत होती. त्यानंतर प्रत्येक वर्गात ती माझ्या मागे उठत राहिली.

तिने एकदाच विचारले होते, "अहो, पूजेला खुर्ची घेऊ का?"

"देवासमोर खुर्ची?" एवढेच मी म्हणालो. पुढची सहा वर्षे ती जमिनीवरच बसली.

काल पाटावर बसू लागलो, तर गुडघा अर्ध्यातच अडला. श्राद्ध सांगायला आलेला माझा जुना विद्यार्थी खुर्ची घेऊन आला. "बसा, गुरुजी. अशक्ताला आसनाची सवलत आहे. तुम्हीच शिकवलंत ना!"

शिकवले होते खरे. कित्येक यजमानांना ती सवलत मी स्वतःच्या तोंडाने दिली होती.

खुर्चीवर बसलो. तिच्या नावाने तिळाचे पाणी सोडताना देवघराकडून कटकन आवाज आला. विद्यार्थ्याने मान वर केली नाही.

"चुकलो मी," मी मोठ्याने म्हणालो.

त्याला वाटले, मंत्र चुकला. "नाही गुरुजी, बरोबर आहे," म्हणून तो पुढे सांगू लागला.

वाचकहो, तुमच्या घरी कुणी एकदाच काही मागितले, तर ते तुम्हाला त्याच वेळी ऐकू यावे. भगवान तुम्हा सर्वांना आरोग्य देवो आणि तुमच्या घरात शांती नांदो.