नाव द्वारकाचं, अंगठा कांताचा

निवडणीच्या टेबलावर एक जागा जरी रिकामी दिसली, तरी मुकादम मावशी धावत माझ्याकडे यायची. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. जालन्याच्या एमआयडीसीत आमच्या बियाण्याच्या कारखान्यात पन्नासेक बाया कपाशीचं बी निवडायच्या. मावशी त्यांची मुकादम आणि मी हजेरी लिहिणारा. वयानं मी तिच्या मुलासारखा, तरी ती मला भाऊ म्हणायची आणि वर दमही द्यायची, "भाऊ, खाडा लावू नका. टेम्पो पंक्चर झाल्ता, तिनं न्हाई केला."

बाया सगळ्या रोजंदारीवरच्या. आठवडाभर खाडा पडला की मॅनेजर नाव कापायचा. मावशीनं त्यावर तोड काढली होती. एकीला अडचण आली की तिची जाऊ नाहीतर नणंद तिच्या जागी बसायची, फाटकावरच्या बुकात तिच्या नावापुढे स्वतःचा अंगठा उठवायची आणि हजेरीला तिच्याच नावानं ओ द्यायची. "नाव चालू राह्यलं पाहिजे. बाई काय, घरचीच हाय," असं मावशीचं म्हणणं. मला हे सगळं ठाऊक होतं. मी मान खाली घालून लिहायचो आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचंही.

द्वारका आईच्या आजारपणात आष्टीला गेली, तेव्हा तिची धाकटी जाऊ कांता नऊ दिवस तिच्या जागी बसली. हात चपळ होता. दहाव्या दिवशी मावशीनं मॅनेजरच्या मागे लागून कांताचं स्वतःचं नाव पटावर घ्यायला लावलं.

सहामाही संपली आणि कांताच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबवू नका. घरात तेवढी ऐपत नव्हती, सगळी भिस्त कामगार विम्यावर. पण त्याची अट होती, सहामाहीत अठ्ठ्याहत्तर दिवस भरलेले हवेत. मी हजेरीपट तीनदा मोजला. तिन्ही वेळा एकोणसत्तरच आले, नऊ कमी.

मावशीला सांगितलं, तर ती "माझ्या शहाणपणानं मरती का काय पोरगी?" म्हणाली.

तिसऱ्या दिवशी विम्याचे साहेब कागद तपासायला आले. कुणी बोलावलं नसताना मावशी ऑफिसात घुसली. "साहेब, फाटकावरचं बुक काढा. त्या नऊ दिसांत नाव द्वारकाचं हाय, पर अंगठा कांताचा हाय. काम कांतानं केलं. तिला बसवलं म्या."

मॅनेजर तिच्याकडे खाऊ की गिळू असं बघत होता. साहेबांनी भिंग मागवलं, अंगठे शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. मग हजेरीपटावर बोट ठेवून विचारलं, "आणि हे लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं?"

हो म्हटलं तर नोकरी गेली असती. घरी तान्हं मूल होतं.

"त्यांला काय म्हाईत?" मावशी म्हणाली. "पन्नास बायांची तोंडं कवा बघावं त्यांनी? म्या फसवलं त्यांला बी."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आजही त्या क्षणाची मला शरम वाटते.

साहेबांनी जबाब लिहून घेतला. द्वारकाचे नऊ दिवस कमी होऊनही तिचे पुरेसे उरत होते. ते नऊ कांताच्या नावावर चढले. ऑपरेशन औरंगाबादला झालं, गाठ काढली, कांता वाचली.

मावशीचं नाव मात्र जबाबाच्या दिवशीच कापलं गेलं. तांबड्या शाईनं, माझ्याच हातानं. फाटकाशी ती थांबली आणि म्हणाली, "कांता कामावर आली की तिला पोती उचलू देऊ नका. टाके वले असतेल."

कुंभार पिंपळगावला, तिच्या गावी, एकदा जाऊन माफी मागावी असं पुढे कितीदा तरी मनात आलं. गेलो नाही. ती रागावली असती तर सोसलं असतं. पण ती रागावली नसती, तिनं चहा टाकला असता, आणि तो माझ्या घशाखाली उतरला नसता.