वॉरंट लाँड्रीत गेलं

मंगळवारी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी मावशी केंद्राच्या फाटकात उभी राहून नखं तपासत होती. शाळेतून सुटलेली पोरं एकामागून एक पंजे पुढे करत होती. ती बोटं उलटीसुलटी करून बघत होती आणि नापास झालेल्यांना नुसत्या मानेनं नळाकडे पिटाळत होती. एक पोरगा दोनदा नळावर जाऊन आला तरी त्याचा अंगठा काळाच.

"हा अंगठा तुझाच ना रे?"

"हो मावशी."

"मग त्यालाही आंघोळ घालत जा कधीतरी. पाहुणा आहे का तो?"

तोंडावर तिला सगळे मावशी म्हणतात. पाठीमागे तिचं नाव वॉरंट. केंद्रातलं एखादं मूल सलग तीन दिवस आलं नाही की ती त्याच्या घरी जाते आणि त्याला घेतल्याशिवाय परत येत नाही. ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की पोरं ओरडतात, "वॉरंट निघालं!" मग ज्यांना दडी मारायची ती मारतात. उपयोग होत नाही. एकदा एका बापानं दार लावून घेतलं, तेव्हा ती उंबऱ्यावर बसून राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच्याबद्दल खरं तेच सांगत राहिली. अर्ध्या तासात दार उघडलं.

तिचा राग कायम नाकावर असतो. लहानपणी ती बटणांच्या कारखान्यात खोकी भरत होती, दहाव्या वर्षापासून. तिच्या दारात कुठलं वॉरंट आलं नव्हतं. हे ती कुणाला सांगत नाही. ज्यांना माहीत आहे ते तिच्या वाटेला जात नाहीत.

केंद्र म्हणजे चर्चच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, एक पत्र्याची शेड आणि स्वयंपाकघर. काम साधं आहे. लांब कुठल्या तरी देशातला एक माणूस इथल्या एका मुलाची जबाबदारी घेतो आणि दर महिन्याला चर्चमार्फत त्याच्यासाठी पैसे पाठवतो. त्यातून त्या मुलाची फी भरली जाते, गणवेश येतो, दुपारी पोटभर जेवण मिळतं, डॉक्टरची तपासणी होते, अभ्यास घेतला जातो. हे उपकार आहेत की नाहीत यावर चहा पिऊन वाद घालणारे लोक तिनं पुष्कळ बघितले. तिला तो वाद कळत नाही. तिला मुंगीचा कान कळतो.

मुंगी सहा वर्षांची असताना केंद्रात आली. अंगानं एवढीशी, म्हणून मुंगी. शाळेत तिला मठ्ठ म्हणत, कारण एकदा सांगून तिला काही समजत नसे. पहिल्याच तपासणीत डॉक्टरनं सांगितलं, दोन्ही कान वाहतात, पोरीला ऐकूच येत नाही. दोन वर्षं औषधं, मग ऑपरेशन. आता ती बारा वर्षांची आहे आणि मठ्ठ म्हणणाऱ्या त्याच बाई तिला फळ्यापाशी उभी करून इतरांना समजवायला सांगतात. पैसे भरणारा माणूस तिकडे बस चालवतो. तो एकही महिना चुकलेला नाही. न पाहिलेल्या त्या बसवाल्याबद्दल मावशीला जेवढा आदर आहे तेवढा गावातल्या फार थोड्या लोकांबद्दल आहे.

आणि ही मुंगी तीन आठवड्यांवर बेपत्ता होती.

मावशी पहिल्याच आठवड्यात तिच्या घरी जाऊन आली होती. आई म्हणाली, पोरगी आजोळी गेलीय, आजी अंथरुणाला खिळलीय, येईल. मावशीनं विश्वास ठेवला. आता केंद्राचा नियम आडवा येत होता. सबळ कारणाशिवाय महिनाभर गैरहजर राहिलेल्या मुलाची जागा जाते, यादीतलं पुढचं मूल ती घेतं आणि पैसे भरणाऱ्याला दुसऱ्या मुलाचं नाव कळवलं जातं. महिना शुक्रवारी भरत होता.

चार वाजता ती शर्ट आणायला लाँड्रीत गेली. वर्षातून एकदा प्रत्येक मुलाचा फोटो काढून पैसे भरणाऱ्याला पाठवतात, तो बुधवारी काढायचा होता. त्यासाठी केंद्रानं पांढऱ्या शर्टांचा एक ठेवणीतला गठ्ठा ठेवलाय. गावातला एक लाँड्रीवाला ते शर्ट फुकट धुऊन देतो. तो चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींपैकी एक, उपासनेला पहिल्या बाकावर बसणारा. केंद्राच्या शेडवरचे पत्रेही त्यानंच घातलेत.

त्याच्या गल्ल्यामागच्या भिंतीवर चौकटीत एका आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा फोटो आहे. तिसऱ्याच कुठल्या तरी देशातला हा मुलगा लाँड्रीवाल्यानं बसवाल्यासारखाच दत्तक घेतलाय. चादरी टाकायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो फोटो दाखवतो. मावशीला तर त्यानं तो किती वेळा दाखवला असेल त्याला सुमार नाही.

"या मावशी. शर्ट तयार आहेत," तो म्हणाला. "आणि एक आनंदाची बातमी. मी आणखी एक लेकरू पदरात घेतलंय. तेही तुमच्याच केंद्रातलं."

"आमच्या? कोण?"

"पाळकसाहेब बोलले ना मागे उपदेशात, प्रत्येकानं एकेका गरीब घराचा हात धरा म्हणून? बाकीचे ऐकून जेवायला घरी गेले. मी हात धरला. या, दाखवतो."

चोरी करणारा माणूस निदान आडोसा बघतो. हा तिला स्वतः पुढे होऊन, पडदा वर धरून आत घेऊन गेला.

आत वाफ होती. इस्पितळाच्या ओल्या चादरी गरम रोलरमध्ये सरकवायच्या आणि पलीकडच्या बाईनं त्या ओढून घ्यायच्या, असं काम चाललं होतं. अलीकडच्या बाजूला, हात पुरावेत म्हणून उलट्या ठेवलेल्या क्रेटवर, मुंगी उभी होती. तिनं मावशीला बघितलं, पण हात थांबवले नाहीत. रोलर थांबत नाही, आणि चादर मध्येच सोडली तर गोळा होऊन करपते. मनगटापासून कोपरापर्यंत तिच्या हातावर चटक्यांचे पट्टे होते. काही जुने, काही लाल.

"बघा कशी तरबेज झालीय," लाँड्रीवाला म्हणाला. "पहिल्या दिवशी रडली. आता मोठ्या बायकांच्या बरोबरीनं काढते."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती ओरडली नाही. मुंगीची चादर पलीकडे पोचेपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "उतर खाली."

"अहो, पाळी संपायला अजून दोन तास..."

"उतर म्हणाले ना."

मुंगी उतरली. तिनं आधी मालकाकडे बघितलं, मग मावशीकडे. दोघांत कुणाला जास्त भ्यायचं याचा हिशोब तिनं लगेच केला आणि चपला शोधू लागली.

"हे बरं नव्हे हं, मावशी," लाँड्रीवाला दुखावल्या आवाजात म्हणाला. "घर उपाशी होतं. मी भीक नाही दिली, काम दिलं. यात माझं चुकलं काय?"

"परत येते मी," मावशी म्हणाली. "तेव्हा सांगते."

मुंगीचं घर म्हणजे एका गोदामाच्या पाठीला लागून असलेली खोली. आई दारात बसून चिंध्यांचा ढीग निवडत होती, सुती एकीकडे, बाकीच्या दुसरीकडे. मुलीला मावशीच्या हाताशी बघून ती उठली नाही.

"आजी बरी आहे का गं?" मावशीनं विचारलं.

"तिला जाऊन सहा वर्षं झाली."

"मेलेल्या माणसाला आजारी पाडलंस? लाज वाटली नाही?"

"वाटली. पण खरं सांगितलं असतं तर पोरीला राहू दिलं असतंत तिथे?" आईनं हातातली चिंधी फेकली. "आता माझं ऐका. तुमचं केंद्र एका पोरीला जेवू घालतं. चांगलं करतं. मी कधी नाही म्हटलं नाही. पण तिच्या पाठची तीन आहेत. बाटल्या धुण्याचा कारखाना बंद पडल्यापासून मी हे उकिरडे उपसतेय. तुमच्या त्या बसवाल्याला विचारा, त्या तिघांना काय वारा खायला घालू? हिचा कान बरा केलात, मग आता घरातलं रडणं हिला ऐकू येतं. हीच म्हणाली, आई, मी जाते कामाला."

एका घरातलं एकच मूल घ्यायचं, म्हणजे जास्त घरांना पोचता येतं, हा नियम मावशीला पाठ होता आणि पटतही होता. तो इथे, या ढिगाशेजारी उभं राहून, बोलून दाखवायची मात्र तिची छाती झाली नाही.

"तू स्वतः का नाही गेलीस त्याच्याकडे कामाला?" तिनं विचारलं. "तुझे हात काय मोडलेत?"

"गेले होते की. आधी मीच गेले होते. म्हणाला, मोठ्या बाईला पूर्ण मजुरी द्यावी लागते, परवडत नाही. पोरगी असेल कामाची तर बघू म्हणाला. अर्ध्यात."

मावशीनं मुंगीचा हात पुन्हा धरला. मग म्हणाली, "पदर नीट कर. चल."

"कुठे?"

"जिथे गेली होतीस तिथेच."

वाटेत चर्चच्या पाळकांची खोली लागते. पाळक वयानं तिच्या मुलासारखे, भला माणूस, पण भांडणाची चाहूल लागली की त्यांना चष्मा पुसायचा असतो. सगळं ऐकेपर्यंत त्यांनी तो दोनदा पुसला.

"मावशी, जरा सबुरीनं. छप्पर त्यांनी घातलंय केंद्राचं."

"मग पोरीला त्या छपराखाली बसू द्या की! ती त्याच्या रोलरपुढे का उभी आहे?"

"पण मी हात धरा म्हणालो होतो. कामाला धरा असं कुठे म्हणालो?"

"त्यानं तुमचंच नाव सांगितलं. तुमच्या उपदेशावर चाललीय ती लाँड्री. हात बघा तिचा."

मुंगीनं हात पुढे केला, दुपारी पोरं नखं दाखवायला करतात तसाच. पाळकांनी चष्मा न पुसता तो बघितला. मग ते वाकून बुटांच्या नाड्या बांधू लागले. नाडी बांधायला त्यांना फार वेळ लागला, पण ते आले.

लाँड्रीवाल्यानं चौघांना एकदम बघून आधी खुर्ची पुसली. पाळक बसले नाहीत.

"दादा," मावशी म्हणाली, "हा तुमचा फोटोतला पोरगा. तो तिकडे कुणाच्या भट्टीपुढे उभा असता, अर्ध्या मजुरीवर, तर?"

"असा कसा उभा राहील? त्यानं शाळेत जावं म्हणून तर मी पैसे भरतो!"

"आणि मुंगीनं?"

"हिची गोष्ट वेगळी आहे."

"कशी?"

तो अडखळला. खरोखरच शोधत होता. "ही... ही तर इथलीच आहे."

गल्ल्यापाशी शर्ट न्यायला थांबलेलं एक गिऱ्हाईक खोकलं. आत रोलर चालूच होता.

"आईला ठेवा," पाळक म्हणाले. आवाज लहान होता, पण हलत नव्हता. "पूर्ण मजुरीवर. आणि पोरीचा राहिलेला पगार आजच, तोही पूर्ण मजुरीनं. नाहीतर येत्या रविवारी मला उपदेशात सांगावं लागेल की हात कसा धरायचा नसतो. नाव घेणार नाही मी. पण मंडळी काही दुधखुळी नाही."

लाँड्रीवाल्याचा चेहरा आधी पडला, मग तापला. आयुष्यभर आपण पहिल्या बाकावर बसलो, पत्रे घातले, शर्ट धुतले, त्याचं हे फळ, असं तो बरंच बोलला. त्यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं, म्हणून मावशीनं ते पूर्ण ऐकून घेतलं. शेवटी त्यानं गल्ला उघडला.

"पण मग तुमचं फुकटचं धुणं बंद," तो म्हणाला.

"बंद तर बंद." मावशीनं शर्टांचा गठ्ठा उचलला. "नाहीतरी कॉलरी नीट निघत नव्हत्या."

आईनं पैसे हातात घेतले आणि ते मोजायच्या आधी विचारलं, "किती वाजता यायचं?"

"आठला," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "उशीर चालायचा नाही."

बाहेर आल्यावर पाळक म्हणाले, "झालं ना मनासारखं, मावशी?"

"कसलं मनासारखं? तिच्या पाठची तीन तशीच आहेत. एका घरातलं एकच मूल, आणि नियम मोडून यादीत घालते म्हटलं तरी यादीच केवढी." ती चालता चालता मागे वळली. "आणि तुम्ही उपदेश लिहाल ना, तो आधी मला वाचून दाखवत जा. लोक काय अर्थ काढतील ते मी सांगते."

मुंगीनं वाटेत एवढंच विचारलं, की तीन आठवड्यांत वर्गाचं किती पुढे गेलं. मावशीला ते माहीत नव्हतं. तिनं माहीत नाही म्हणून सांगितलं, आणि चटक्यांवर लावायचं मलम द्यायला तिला केंद्रात घेऊन गेली.

उद्या बुधवार. लाँड्री आठला उघडते, आई तिथे असेल. शाळा त्याआधी, साडेसातला भरते. मुंगीच्या सातवीच्या वर्गाला पहिला तास भूगोलाचा आहे.